चुलीमागची इंग्रजी पिल्लं

दिवाळी अंकांत निवृत्त फौजदार दरोड्यांवर लिहितात, निवृत्त डॉक्टर मरणाच्या दारातून परत आणलेल्या रोग्यांवर लिहितात आणि निवृत्त मामलेदार स्वतःवर लिहितात. यंदा संपादकांनी मलाही लिहायला सांगितलं, तेव्हा मी त्यांना आधीच कल्पना दिली की माझ्या हातून कधी कुणी पकडलं गेलेलं नाही आणि कुणी वाचलेलंही नाही. मी कोंबडीची पिल्लं उबेतून बाहेर काढायचं काम करत होतो. "तेच लिहा," ते म्हणाले. मामलेदारांचा लेख वेळेवर आला नसावा.

तर आधी धंदा काय होता ते सांगतो. गावठी कोंबडीच्या पिल्लाला माझ्यासारख्याची गरज नसते. त्याला आई असते. ती त्याला पंखाखाली घेते, दाणा कसा उकरायचा ते दाखवते, घार दिसली की ओरडते, आणि पिल्लू मोठं झालं की चोच मारून त्याला लांब हाकलते. इंग्रजी पिल्लाची आई म्हणजे रॉकेलचा कंदील. अंडी लाकडी यंत्रात कंदिलाच्या उबेवर उबवायची, आणि पिल्लं फुटली की पत्र्याच्या छत्रीखाली सोडायची. त्या छत्रीखालीही कंदीलच. ही आई रात्रभर जागी राहते, कधी रागावत नाही आणि रॉकेलशिवाय काही मागत नाही. पण हाकलण्याचं काम तिला जमत नाही. ते माझ्याकडे होतं.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय, दार उघडायचं आणि हुश्श करायचं. असं हुश्श केलेली पिल्लं मी बरीच पुरली आहेत. उबेत वाढलेली पिल्लं एकदम गारठ्यात टाकली, की ती सगळी एका कोपऱ्यात जमतात, एकमेकांच्या अंगावर चढतात, आणि खालची गुदमरून मरतात. बरं, उशीर केला तरी सुटका नाही. अंगावर पीस नीट धरत नाही, पाय कच्चे राहतात, आणि बसून बसून कंटाळलेली पिल्लं एकमेकांची शेपटं टोचून खातात. म्हणून पाठीवर पीस धरलं की वात रोज थोडी खाली करायची. मग दिवसा कंदील बंद, रात्री चालू. मग खिडकी उघडी. मग वारा नसलेला, कोरड्या उन्हाचा दिवस बघून थोडा वेळ अंगणात, आणि उन्हं कलायच्या आत पुन्हा घरात. हे मला एका इंग्रजी पुस्तकावरून कळलं, आणि पुस्तकात नव्हतं ते पिल्लांनी मरून शिकवलं.

ही दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. लोणावळ्यात तेव्हा बंगलेवाल्या निवृत्त मंडळींची एक समिती होती. हवा उत्तम, पेन्शन उत्तम आणि वेळ भरपूर. अशा वेळी मावळातल्या शेतकऱ्याची सुधारणा करावी असं कुणालाही वाटेल. शेतकऱ्याला विचारायचं तेवढं राहून गेलं. गरीब घरांना इंग्रजी पिल्लं फुकट वाटायची असं ठरलं. समितीचे अध्यक्ष वलवणला राहत आणि यंत्र त्यांच्याच आवारात होतं. पिल्लं गावोगाव पोचवून ती नीट वाढतात का ते बघायला माणूस हवा होता. मी कान्हे गावचा, व्हर्नाक्युलर फायनल म्हणजे मराठी सातवी पास आणि सायकल चालवणारा. यातल्या सायकलीमुळे मला नोकरी मिळाली. हुद्दा 'ग्रामीण कुक्कुट निरीक्षक' असा भारदस्त होता. गावांत मला कोंबडीसायेब म्हणत.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची भेटली. लोणावळ्यातल्या एका बंगल्यातल्या बाईंनी हौसेनं पिल्लं नेली होती. ती बाहेर काढायची वेळ झाली असं मी सांगितल्यावर त्यांचा जीव कळवळला. "एवढ्या धुक्यात? उघडीच?" असं म्हणून त्यांनी शिंप्याला घरी बोलावलं आणि प्रत्येक पिल्लाला फलालिनचं जाकीट शिवून घेतलं. लाल रंगाचं, पाठीवर बंदांनी बांधायचं. सकाळी पिल्लं गवतात सोडली, जाकिटं दवानं भिजली, आणि पिल्लं ओल्या कपड्यांत कुडकुडत एका जागी बसून राहिली. बाईंनी शिंप्याला बोल लावला. मी मान डोलावली, कारण चहा चांगला असायचा.

पण मला सांगायची आहे ती बेडशाच्या धोंडिबाची हकिगत.

पिल्लं देताना समितीचं एकच कडक सांगणं असे. एखादं पिल्लू मेलं तर ते वलवणला आणून अध्यक्षांना दाखवायचं. अध्यक्षांनी कोंबड्यांच्या रोगांवर वाचायला सुरुवात केली होती आणि कापून बघायला त्यांना मेलेलं पिल्लू हवं होतं, यापलीकडे त्यात काही नव्हतं. पण अध्यक्ष हॅट घालत. आमच्याकडे तेव्हा हॅट म्हणजे सरकार. हॅट घालून कुणी पायवाटेवर गवत बघायला थांबला, तरी लोक जमिनीची मोजणी आली म्हणून घाबरत. तेव्हा पिल्लं सरकारची, आणि मेलं तर सरकारपुढे हजर करायचं, एवढं धोंडिबाला समजलं. आठवडाभर उबेला ठेवा आणि मग हळूहळू बाहेर काढा, असंही मी त्याला सांगितलं होतं. त्यातलं पहिलं वाक्य त्यानं घट्ट धरलं आणि दुसरं सोडून दिलं.

पिल्लं देऊन आलो आणि मी हिवतापानं आडवा झालो. बरा होऊन बेडशाला पोचलो तेव्हा दसरा उलटून गेला होता. धोंडिबाच्या पडवीत त्याचा म्हातारा बाप घोंगडी लपेटून खोकत बसला होता.

"आबा, धोंडिबा आहे का घरात?"

"हाय की. सरकारपाशी बसलाय."

"सरकार? कोण आलंय?"

"जावा आत. वाकून जावा," आबा म्हणाला.

मी वाकून आत गेलो. चुलीमागच्या कोपऱ्याला फळ्यांचं कुंपण घातलं होतं, खाली पेंढा पसरला होता, आणि त्यावर माझी पिल्लं बसली होती. पिल्लं कसली, चांगल्या तलंगा झाल्या होत्या. पांढऱ्या, जाड, धुरानं थोड्या पिवळसर. दारातून उजेड येताच त्या सगळ्या चुलीकडे सरकल्या. धोंडिबाची बायको हौसा डोक्यावरचा पदर सावरत, कुंपणाला वळसा घालून, अर्धवट तिरकी बसून भाकरी थापत होती.

"येक बी मेलं न्हाई, सायेब," धोंडिबा अभिमानानं म्हणाला. "मोजून घ्या."

"अरे, पण ही अजून आत का? बाहेर काढायची होती ना?"

"भाईर घार हाय, मुंगूस हाय. मेल्यावं हॅटवाल्या सायबापुढं उबं कुनी ऱ्हायाचं?"

"आणि आबा बाहेर का बसलेत?"

"त्यो कोपरा त्यांचाच व्हता," धोंडिबा म्हणाला. "पर आबांचं काय, त्यांस्नी कोन मोजाय येतंय?"

मला संताप आला. सुधारणा करायला निघालेल्या आमच्या समितीनं एका म्हाताऱ्याला त्याच्याच घराबाहेर काढलं होतं. धोंडिबा वाईट माणूस नव्हता. बापाला तो दोन्ही वेळा ताट नेऊन देई, पाय चेपून देई. फक्त बापापेक्षा त्याला हॅटची भीती जास्त वाटत होती. अशी माणसं मी पुढे कचेऱ्यांतही पुष्कळ पाहिली, त्यांना बढत्या मिळतात.

मी निघालो तेव्हा हौसा पाण्याची कळशी घेण्याच्या निमित्तानं दाराशी आली आणि हळूच म्हणाली, "भाऊ, थंडी पडायच्या आत आबा आत आलं पायजेत. गेल्या पुसात त्यांची छाती भरली व्हती. चुलीपाशी व्हतं म्हून उठलं."

माझं काम असं ठरलं. धंद्यात पहिल्यांदाच मला पिल्लांची काळजी नव्हती.

दुसऱ्या खेपेला मी सगळ्यांना बसवून पिल्लं बाहेर कशी काढायची ते समजावलं. घाई करायची नाही, आज थोडी ऊब कमी, उद्या आणखी थोडी, संध्याकाळी पोटाखाली हात घालून बघायचं, गार लागलं तर एक पाऊल मागं यायचं. मी रंगात आलो होतो. पडवीतून आबाचा आवाज आला, "आमाला येका राती काढलं की वो." धोंडिबानं मान खाली घातली. मीही पुढचं भाषण आवरतं घेतलं.

चुलीची वात खाली करता येत नाही. म्हणून आम्ही पिल्लांचं कुंपणच रोज थोडं दाराकडे सरकवायला लागलो. धोंडिबा हे काम अतिशय मन लावून करी. संध्याकाळी प्रत्येकीच्या पोटाखाली हात घालून बघे, पेंढा ओला आहे का बघे, आणि दाराच्या फटीला गोणपाट लावे. आबा बाहेरून रोजची बातमी देत असे. "आज सरकार उंबऱ्यापतुर आलं." मग एक दिवस कुंपण पडवीत आलं आणि पिल्लं आबाच्या शेजारी झोपू लागली. "आता आमी शेजारी," आबा मला म्हणाला. "रातचं माझ्या घोंगडीत शिरत्यात. बरी ऊब हाय त्यांची."

चुलीमागचा कोपरा आता रिकामा होता. मला वाटलं, झालं काम. पण आबा पडवीतच.

"कोपरा तसाच ठिवलाय," धोंडिबा म्हणाला. "सरकारला थंडी वाजली तर?"

हौसानं तव्यावरची भाकरी इतक्या जोरात उलटली की ती फाटली.

पिल्लांना अंगणात सोडायचा दिवस मी चांगला बघून निवडला होता. ऊन कोरडं, वारा नाही. बेडशाच्या डोंगरावरून घार खाली आली. शेजारच्या गावठी कोंबडीनं एक हाक दिली आणि तिची पिल्लं करवंदीच्या जाळीत अशी गेली की शोधून सापडेनात. आमच्या इंग्रजी तलंगा मात्र माना वर करून बघत उभ्या राहिल्या. कंदिलानं त्यांना घारीबद्दल काही सांगितलं नव्हतं. आबानं काठी फेकली, मी टोपी फेकली, पण घारीनं एक उचलली ती उचललीच.

धोंडिबाचा चेहरा पांढराफटक पडला. उरलेल्या तलंगा कवेत घेऊन त्यानं पळत पळत आत नेल्या आणि थेट चुलीमागं सोडल्या. एवढ्या दिवसांची मेहनत एका मिनिटात चुलीत गेली. मग तो बाहेर आला आणि अंगणात वाकून काहीतरी गोळा करू लागला. पिसं होती. घारीनं दाखवायला दुसरं काही ठेवलंच नव्हतं. ती पिसं त्यानं फडक्यात बांधली.

"वलवणला जातो, सायेब."

"अरे, काही गरज नाही. अध्यक्ष काही करत नाहीत."

"तुमी म्हनताय. हॅट तुमच्या डोक्यावर न्हाई."

मग मीही त्याच्याबरोबर गेलो. कामशेतपर्यंत चालत आणि पुढं गाडीनं. वाटेत त्यानं मला एवढंच विचारलं, की आपल्याला आत घातलं तर भाताची कापणी कोण करील. अध्यक्ष व्हरांड्यात चहा घेत होते. धोंडिबानं चपला पार फाटकापाशी काढल्या, फडकं सोडून पिसं जमिनीवर मांडली आणि हात जोडून उभा राहिला. आपण नीट राखण केली, पण वरून आलेल्याला इलाज नाही, असं त्यानं सांगितलं.

अध्यक्षांनी पिसं चष्म्याजवळ धरून पाहिली. कापण्याजोगं त्यात काही नाही हे पाहून ते खट्टू झाले. मग हळूहळू त्यांना गहिवर आला.

"निरीक्षक, बघा," ते मला म्हणाले. "एका पिल्लासाठी हा माणूस बेडशाहून आला. किती आस्था! किती सचोटी! आपलं कार्य रुजतंय."

"हो साहेब," मी म्हणालो. माझी नोकरी कायम झाली नव्हती.

धोंडिबाला आस्था आणि सचोटी ही काही शिक्षांची नावं असावीत असं वाटलं. ती मिळत नाहीत, आपण घरी जायचं आहे, हे फाटकाबाहेर आल्यावर मी त्याला सांगितलं, तेव्हा तो रस्त्यातच खाली बसला आणि मोठ्यानं हसायला लागला. मग बराच वेळ डोळे पुसत होता. येताना गाडीत त्यानं अख्ख्या डब्याला सांगितलं की सरकारनं आपल्याला सोडलं.

त्या दिवसापासून त्याची भीती गेली आणि काम भराभर उरकलं. पिल्लांना पुन्हा दाराशी आणलं, पुन्हा पडवीत, पुन्हा अंगणात. या खेपेला आबानं आधी बंदोबस्त केला होता. त्यानं कारवीच्या काटक्या विणून खुराडं केलं, मुंगूस शिरू नये म्हणून खाली दगड बसवले, आणि अंगणावर करवंदीच्या काटेरी फांद्यांचं छत घातलं. सगळं खोकत खोकत. खुराडं इतकं सुबक होतं की समितीच्या खर्चानं वलवणला बांधलेल्या खुराड्यात पाणी का गळतं हे मी कुणाला विचारलं नाही. पहिल्या रात्री इंग्रजी पिल्लं खुराड्यात दांड्यावर ओळीनं बसली, आणि हौसानं चुलीमागची जमीन सारवून आबाची घोंगडी तिथं पसरली.

आबा आत आला आणि थंडीही आली. अगदी पाठोपाठ. मी एकदा सकाळी गेलो तेव्हा तो चुलीकडे पाठ करून बसला होता आणि खोकला निम्म्यावर आला होता. मला इतका आनंद झाला की मी हौसाला सांगून एक भाकरी जास्त खाल्ली.

हे सुख चार दिवस टिकलं. मग अध्यक्ष स्वतः बेडशाला आले. मोटर कामशेतला ठेवून बैलगाडीतून, हॅटसकट. बैलगाडीत एक पेटी होती आणि पेटीतून चिवचिव ऐकू येत होती. अंगणात माणसं जमली. अध्यक्षांनी भाषण केलं. आदर्श शेतकरी म्हणून समितीनं धोंडिबाची निवड केली आहे, आणि बक्षीस म्हणून त्याला पिल्लांची नवी तुकडी देण्यात येत आहे. नुकती फुटलेली, अंगावर अजून लव असलेली पिल्लं होती ती. त्यांना ऊब लागणार होती, आणि चांगले पुष्कळ दिवस लागणार होती.

धोंडिबानं पेटी दोन्ही हातांनी घेतली आणि घराकडे वळला.  आबाला उठवायची वेळच आली नाही, कारण तो आपली घोंगडी काखेत मारून दारात आला होता. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. पेटीचा आवाज त्यानं आतून ऐकला होता.

हौसा दारातच उभी होती. चारचौघांत तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. तिनं आबाच्या काखेतली घोंगडी काढून घेतली, आत जाऊन ती होती तिथं पुन्हा पसरली, आणि येऊन उंबऱ्यात नवऱ्यासमोर उभी राहिली.

"पेटी ठिवायची तर तुमच्या हातरुणाच्या जागी ठिवा. त्यो कोपरा भरलाय."

"अगं, सायेब ऐकत्यात."

"ऐकू द्या. त्यांच्यासाटीच बोलतीय."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणतायत बाई?"

"म्हणतायत, कोपऱ्यात जागा नाही. तिथं माणूस आहे."

"पण मागच्या वेळी होती ना जागा?"

"मागच्या वेळीही माणूस होता, साहेब," मी म्हणालो. नोकरी अजून कायम झाली नव्हती, पण ते मला बोलून झाल्यावर आठवलं.

 मग अध्यक्ष स्वतः आत बघायला निघाले. दार ठेंगणं होतं, म्हणून त्यांना हॅट काढावी लागली. डोक्यावर पांढरे चार केस, हॅटच्या काठाचा वळ, आणि गारठ्यानं लाल झालेलं नाक. आबानं त्यांना खालून वर नीट पाहून घेतलं आणि धोंडिबाला म्हणाला, "आरं, ह्यो तर माझ्यायेवढा म्हातारा हाय! याला कशाला भ्यालास?" मग अध्यक्षांना म्हणाला, "या, हितं चुलीपाशी बसा. भाईर लय गार हाय."

आणि अध्यक्ष बसले. हौसानं गुळाचा चहा दिला, तो त्यांनी बशीत न ओतता पितळीतूनच प्यायला. दोघं म्हातारे आपापल्या खोकल्याविषयी बोलत राहिले. अध्यक्षांना रात्री उशा रचून बसूनच झोपावं लागतं असं कळल्यावर आबाला त्यांची फार कीव आली. उठताना अध्यक्ष मला हळूच म्हणाले, "निरीक्षक, ही पेटी दुसरं घर मिळेपर्यंत तुमच्याकडे ठेवा." समितीचा सर्वानुमते आणि भाषणाशिवाय झालेला हा पहिलाच ठराव असेल.

मी पेटी सायकलला बांधून कान्ह्याला आलो. आमच्याही घरात एकच चूल, आणि चुलीजवळ माझी आई निजायची. पण तो विचार माझ्या डोक्यात नव्हता. मी मजेत होतो. पेटी दारात ठेवून मी बायकोला बेडशाची हकिगत रंगवून सांगितली. धोंडिबाचा घाबरट चेहरा, हौसाचा ठसका, हॅट काढलेले अध्यक्ष, सगळं नकलेसकट. अशा बायका घराघरांत हव्यात, असंही शेवटी म्हणालो. बायकोनं शांतपणे सगळं ऐकून घेतलं, पेटीवर कान ठेवून चिवचिव ऐकली, एकदा आईकडे बघितलं. मग तिनं पेटी उचलून आत नेली आणि माझी वळकटी पडवीत आणून ठेवली.